धाड् धाड् वाजलं, पण झालं काय?

प्रश्न : मी बेंगळुरूला राहते, जन्मांध आहे. मराठी मालिका कानांवर निभतात, पण वेब सिरीजमध्ये दोन-दोन मिनिटं नुसतं संगीत! टीव्हीवर टॉकबॅक लावला, तरी दृश्य कळत नाही. (एक वाचक)

उत्तर : टॉकबॅक मेनू वाचतो, चित्र नव्हे. तुम्हाला हवंय ते ऑडिओ डिस्क्रिप्शन. म्हणजे दोन संवादांच्या फटीत ‘ती पत्र फाडते, तुकडे खिशात ठेवते’ एवढंच सांगणारा आवाज. ‘ती दुखावली’ हे त्यानं सांगायचं नसतं, ते तुमचं तुम्ही ओळखायचं. नेटफ्लिक्सवर भाग चालू असताना ऑडिओची यादी उघडा. भाषेपुढे ‘ऑडिओ डिस्क्रिप्शन’ असेल तर तो पर्याय निवडा. बऱ्याचदा तो इंग्रजीतच सापडेल. मराठी मालिका मात्र कानांवर निभतात, कारण पोळ्या लाटता लाटता ऐकता याव्यात इतकी त्यांत बडबड असते!

वर्णन नसेल तर तक्रार जरूर करा. नेटफ्लिक्सच्याच ‘डेअरडेव्हिल’ या सिरीजचा नायक अंध, तरी २०१५मध्ये ती वर्णनाविनाच आली. अंध प्रेक्षकांनी ओरड केल्यावर काही दिवसांत वर्णन जोडलं गेलं. आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४२मध्ये ऑडिओ डिस्क्रिप्शनचा स्पष्ट उल्लेख आहे. जानेवारी २०२३मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ‘पठाण’ चित्रपटाच्या ओटीटी आवृत्तीसाठी असं वर्णन तयार करायला सांगितलं. तक्रारीच्या पत्रात कलमाचा आकडा घाला आणि कितव्या मिनिटाला काय कळलं नाही, तेही लिहा.