आधी पाय बघ, मग सोंड

बेसा-पिपळ्यातल्या फ्लॅटांमधली कुत्री-मांजरं तू आता सराईतपणे तपासते. तिथं टेबल असतं, मालक मान धरून उभा असतो. हत्तीला टेबलही नाही अन् धरणाराही नाही. म्हणून कमलापूरच्या हत्ती कॅम्पला निघायच्या आधी बस जरा, अन् ऐक. वनखात्यात असताना जे माहुतांकडून कळलं तेच सांगतो, माझं स्वतःचं त्यात फारसं काही नाही.

हत्ती समोर आला की दुनिया त्याच्या सोंडेकडे बघते. तू पायाकडे बघायचं. सोंडेचं कौतुक करायला दिवस पडला आहे. तीन-चार टनांचं धूड दिवसातला बहुतेक वेळ उभं असतं, झोप कमी, बसणं त्याहून कमी. जंगलात माती, चिखल, रेती, पाणी असं सगळं पायाखालून जातं. नखं आपोआप घासली जातात, तळवा कोरडा होतो. तोच हत्ती फरशीवर, स्वतःच्याच मुताच्या ओलीत वर्षानुवर्षे बांधून ठेवला की नखं वाढतात, भेगा पडतात, भेगांत घाण जाते, पू होतो, मग सांधे धरतात. माणसाळलेल्या हत्तींचे निम्मे हाल इथूनच सुरू होतात, असं माझं मत आहे.

कोल्हापूरकडच्या माधुरी हत्तिणीचं आठव. नांदणी मठातली महादेवी ती हीच, तीस वर्षांहून जास्त तिथं राहिलेली. 2025 च्या जुलैत कोर्टाच्या आदेशाने गुजरातेत जामनगरच्या वनतारा प्राणी केंद्रात गेली, तेव्हा लोक ढसाढसा रडले, मोर्चे निघाले. ते प्रेम खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण कोर्टापुढच्या अहवालांत पाय सडल्याचं, नखं वाढल्याचं, सांधे दुखावल्याचं लिहिलेलं होतं. कुणाची बाजू घ्यायची ते लोक ठरवतील. तू डॉक्टर आहे, तुझी बाजू पायाची.

कमलापूरचे हत्ती मात्र कुणाच्या तावडीतून सोडवून आणलेले नाहीत. आलापल्लीच्या जंगलात सागवानाचे ओंडके ओढणाऱ्या हत्तींचं ते घराणं. ओढकाम संपलं, हत्ती राहिले. 2022 मध्ये त्यांनाही गुजरातला न्यायचं घाटत होतं, तर गावकरी आडवे आले. तिथली एक गोष्ट मात्र नीट शिकून ये: चोपिंग. जानेवारीच्या थंडीत हत्तींना आठ-दहा दिवस सुट्टी देतात, पर्यटकही बंद. हिरडा, बेहडा, सुंठ अन् आणखी कितीतरी जडीबुटी कुटून मोठ्या भांड्यात शिजवतात, अन् पहाटे त्या गरम काढ्या-लेपाने पाय शेकतात. तळव्याला भेगा पडू नयेत, सांध्यांना आराम मिळावा म्हणून. त्या दिवसांत तू पहाटेच हजर राहा. पुस्तकी डोकं घेऊन 'यात गुणकारी घटक कोणता' असं पहिल्याच दिवशी विचारू नको. आधी शेकताना हत्तीचा चेहरा बघ. कान हलत आहेत, शेपूट हलते आहे, पाय स्वतःहून पुढे करतो आहे, तर समज बरं वाटून राहिलं. पाय मागे ओढला, तर त्याच पायात काहीतरी आहे.

आता नखं. आशियाई हत्तीला बहुतेक पुढच्या पायाला पाच-पाच अन् मागच्याला चार-चार नखं असतात. रोज मोजल्यासारखी एकेक बघायची. नखाच्या वर, कातडी सुरू होते त्या कडेला ओल दिसते का? हत्तीला अंगभर घाम येत नाही, तिथं मात्र येतो. जुने माहूत सकाळी आधी तीच ओल बघतात. कड कोरडी पडली की त्यांच्या कपाळावर आठी येते, ताप तपासायचा ते नंतर.

दुसरं, कुशीवरची माती. रात्री हत्ती आडवा झाला असेल तर सकाळी एका कुशीला माती, पालापाचोळा चिकटलेला असतो. सलग काही दिवस कूस स्वच्छ दिसली तर पाय किंवा सांधे दुखत आहेत, आडवं झाल्यावर उठता येईल की नाही याची त्याला धास्ती आहे, असं धरून चाल. हे बघायचं तर आंघोळीच्या आधी पोचावं लागतं, बेटा. तलावात डुंबून आलेला हत्ती काही सांगत नाही.

शेणाच्या गोळ्याला नाक मुरडू नको. हातमोजा घाल अन् फोडून बघ. आत लांब लांब न चावलेले धागे निघाले तर दाढा झिजल्या. हत्तीला जन्मभरात दाढांचे सहा संच येतात, सातवा नाही. म्हाताऱ्या हत्तीला दिवसाकाठी दीडशे-दोनशे किलो चारा टाकला तरी तो खंगत जातो, त्याचं कारण बहुधा हेच. मग चारा बारीक कापून, भात शिजवून द्यावा लागतो. चाराकटरशी, म्हणजे चारा कापणाऱ्या माणसाशी, दोस्ती ठेव. कोण किती खाऊन राहिला ते डॉक्टरच्या आधी त्याला कळतं.

साखळी कोणत्या पायात आहे, रोज पाय बदलतात का, खाली घट्टा पडला आहे का, हेही बघून ठेव. जागेवरच डुलत राहणारा हत्ती दिसला तर त्याला 'नाचतो' म्हणणारे भेटतील. तो नाचत नसतो. वर्षानुवर्षे एका जागी बांधल्याची ती खूण, अन् मोकळं सोडल्यावरही सहसा लगेच जात नाही.

मागून कधीच जवळ जायचं नाही. माहूत आधी, तू त्याच्या बाजूला, अन् तोंडाने काहीतरी बोलत. पिल्लू अन् आई यांच्या मधे तर मुळीच शिरायचं नाही. नराच्या डोळा अन् कान यांच्या मधल्या जागेतून चिकट पाणी झरताना दिसलं तर तो मस्तीत, म्हणजे माजावर, आहे; त्या दिवसांत तुझी तपासणी लांबून, अन् माहुताने 'नको' म्हटलं तर तेवढीही नाही. डिग्री बाजूला ठेवायची वेळ असते ती. आणखी एक: तुला खोकला असेल तर कॅम्पवर जाऊच नको. माणसाचा टीबी हत्तीला लागतो, हे तुझ्या पुस्तकातही असेल.

जाताना चंद्रपूर, बल्लारपूर, गोंडपिंपरी, आष्टी करत आलापल्ली गाठ. तिथून सिरोंच्याच्या रोडने रेपनपल्ली, अन् तिथं आत वळायचं. रस्त्याचा भरवसा नाही, पावसाळ्यात तर नाहीच, उजेडातच पोच. डिझेल अन् गोळ्या-औषधं आलापल्लीतच घे. हत्तीसाठी पिशवीभर गूळ न्यायचा विचार असेल तर सोड तो, त्यांचा खुराक ठरलेला असतो. पायात गमबूट टाक, सँडल नको, अन् हातमोजे मोठ्या साइजचे घे, तिथं मिळणार नाहीत.