हद्दीचे दगड

माणगाव, फाल्गुन

चि. बाळास,

तुझे सविस्तर पत्र तुझ्या आईने प्रथम पुण्याहून फोनवर वाचून दाखविले, आणि नंतर माझ्या आग्रहावरून त्याची छापील प्रत पोस्टाने पाठविली. कारण नुसते ऐकलेले पत्र मला पुरत नाही. हायडेलबर्गमधील पहिले सत्र निर्वेधपणे पार पडले, परीक्षा मनासारख्या झाल्या, आणि एप्रिलच्या मध्यावर पुढील व्याख्याने सुरू होईपर्यंत तुला मोकळीक आहे, हे वाचून समाधान वाटले. त्या मोकळिकीचा जो आराखडा तू पत्राच्या अखेरीस दिला आहेस, तो मी तीन वेळा वाचला. एकवीस दिवसांत नऊ देश आणि चौदा शहरे, सहा रात्री आगगाडीत अथवा बसमध्ये, आणि प्रागसारख्या नगरीच्या वाट्याला सकाळी सात ते सायंकाळी पाच एवढाच वेळ! प्रत्येक वाचनाच्या वेळी मला माझ्या नोकरीचे पहिले वर्ष आठवत राहिले.

भूमी अभिलेख खात्यात मोजणीच्या कामावर लागून मला तेव्हा चारच महिने झाले होते. वैशाखाचे ऊन, बरोबर साखळी धरणारे दोन गडी, आणि एका दिवसात तीन शेतांची मोजणी उरकून वरिष्ठांची शाबासकी मिळविण्याची उमेद, अशा स्थितीत तिसऱ्या शेताची ओढ्याकडील बाजू मी पायाखाली न घालताच, आंब्याच्या सावलीत बसून, जुन्या टिपणावरून कागदावर ओढून टाकली. माझ्यावरच्या मोजणीदारांनी संध्याकाळी नकाशा हातात घेतला, माझ्या पायांकडे पाहिले, आणि ओढ्याकाठची कुसळे माझ्या विजारीला लागलेली नाहीत एवढ्यावरून सारे ओळखले. ते रागे भरले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतः माझ्याबरोबर तेथवर चालत आले, आणि मग दिसले की ओढ्याने आपले पात्र बदलले आहे, हद्दीचा दगड कोणी उपटून धुणे धुण्यासाठी नेला आहे, आणि माझ्या त्या सफाईदार रेघेने एका विधवा बाईची अडीच गुंठे जमीन शेजाऱ्याच्या कब्जात जाणार होती. त्यानंतर चौतीस वर्षे मी नोकरी केली, परंतु न चाललेली बाजू पुन्हा कधी ओढली नाही.

बाळा, तुझ्या आराखड्यात मला अशाच न चाललेल्या बाजू फार दिसतात. पाहण्याची तहान मी जाणतो, आणि ती तुझ्या वयास शोभणारी आहे. तुझ्या हातातील निवासाच्या परवान्यावर शेंगेन करारातील इतर देशांत कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस हिंडता येते, आणि एका राज्याची सीमा संपून दुसऱ्याची सुरू झाली हे एरवी डब्यात झोपलेल्या माणसास कळतही नाही, ही गोष्ट आयुष्यभर हद्दी शोधीत आणि सिद्ध करीत आलेल्या माझ्यासारख्यास फार मोठी वाटते. म्हणूनच त्या खंडातील निदान एक तरी हद्द तू पायी ओलांडावीस, अशी माझी इच्छा आहे.

त्यासाठी लांब जावयास नको. तुझ्या मासिक तिकिटावर प्रादेशिक गाड्यांनी केल या गावापर्यंत जाता येते. ऱ्हाइनच्या पूर्व तीरावर केल, पश्चिम तीरावर फ्रान्सचे स्ट्रासबुर्ग, आणि मध्ये पादचाऱ्यांचा पूल. 2017 सालापासून ट्रामही त्या नदीवरून जाते, पण तू चालत जा. हे स्ट्रासबुर्ग नगर 1681 साली चौदाव्या लुईने घेतले, 1871 साली ते जर्मन साम्राज्यात गेले, 1918 साली फ्रान्सकडे परतले, 1940 साली पुन्हा जर्मनीच्या अमलाखाली आले आणि 1944 च्या नोव्हेंबरात पुन्हा फ्रान्सचे झाले. तेथे 1865 साली जन्मलेली एखादी बाई ऐंशी वर्षे जगली असेल, तर उंबरठा न बदलता तिच्यावरील राज्य चार वेळा बदलले, आणि प्रत्येक वेळी शाळेची भाषा, कचेरीची भाषा, मुलाने अंगावर घालावयाचा लष्करी गणवेश, हे सारे फिरले. आमच्याकडे जमिनीच्या मालकीचे फेरफार होतात. तेथे जमीन जागेवर राहून माणसांचेच फेरफार झाले. जुन्या भागातील रस्त्यांच्या पाट्यांवर फ्रेंच नावाखाली तेथील बोलीतले नावही लिहिलेले असते, ते वाचीत हिंड. चार दिवस राहा. रोज एकाच दुकानातून पाव घे, म्हणजे तिसऱ्या दिवशी दुकानदारीण आपण होऊन दोन शब्द बोलेल, आणि ते दोन शब्द तुझ्या नऊ देशांपेक्षा मला अधिक मोलाचे वाटतील.

आणि ज्या गावात तू राहतोस, ते तरी कोठे पाहून झाले आहे? किल्ल्याचे भग्नावशेष, नेकारवरील जुना पूल, पलीकडच्या डोंगरातली तत्त्वज्ञांची पायवाट, या सर्वांची छायाचित्रे तू पाठविलीस, आणि ती सुंदर आहेत. परंतु त्या गावाच्या पदपथांत, घरांच्या दारांसमोर, चार बोटे लांबीरुंदीचे पितळी माथ्याचे लहान दगड बसविलेले आहेत, त्यांविषयी तू अक्षरही लिहिले नाहीस. नाझी राजवटीत ज्यांना छळून हाकलले किंवा ठार मारले, ते जेथे अखेरचे स्वेच्छेने राहिले त्या दारापुढे त्यांचे नाव, जन्माचे वर्ष आणि पुढील गती कोरलेले हे दगड गुंटर डेम्निग या कलावंताने बसविण्यास आरंभ केला, आणि आता ते युरोपातील कितीतरी देशांत आहेत. वाचण्यासाठी माणसास वाकावे लागते. मी ज्या खात्यात आयुष्य घालविले तेथेही नोंदीच करावयाच्या असतात, म्हणून माझ्या मनात राहून राहून येते की त्या माणसांना घराबाहेर काढण्यापूर्वी कोणत्या तरी कारकुनाने त्यांची यादी केली असेल, त्यांच्या घरादाराची जप्ती रीतसर दाखल केली असेल, आणि त्याचे अक्षर बहुधा फार नीटनेटके असेल. या सुट्टीत एका सकाळी तू तुझ्या खोलीपासून विद्यापीठापर्यंतच्या वाटेवर असे किती दगड आहेत ते पाहा, आणि नावे वहीत उतरवून घे.

तुझ्या प्रयोगातील आकडे प्राध्यापकांच्या अपेक्षेशी जुळत नाहीत आणि ते पुढे ठेवण्याचा तुला संकोच होतो, असे तू ओझरते लिहिले आहेस. माझ्या मते साऱ्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे. इरावतीबाई कर्वे 1928 साली मानववंशशास्त्राच्या अध्ययनासाठी बर्लिनला गेल्या, तेव्हा खुद्द महर्षी कर्व्यांचा, म्हणजे त्यांच्या सासऱ्यांचा, त्या जाण्यास विरोध होता. आणि तेथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशभेदाच्या सिद्धान्ताचे पुरस्कर्ते आणि त्या शास्त्रातील फार मोठ्या अधिकाराचे गृहस्थ. मानवी कवटीच्या दोन बाजूंतील विषमता हा बाईंच्या प्रबंधाचा विषय. त्या विषमतेचा वंशाशी संबंध आहे असे गुरुजींना हवे होते. बाईंनी कवट्या मोजल्या, आणि तसा संबंध आढळत नाही असे लिहिले. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून आहे त्याच्यासमोर एका पंचविशीच्या आत-बाहेरच्या मराठी मुलीने आपल्या मापाशी इमान राखले. तुझ्या प्राध्यापकांविषयी मला काही ठाऊक नाही, आणि ते सज्जनच असतील. प्रयोग पुन्हा करून पाहा, चूक तुझी असेल तर कबूल कर, आणि नसेल तर आकडे आहेत तसे, विनयाने पण न खोडता, त्यांच्यापुढे ठेव.

जर्मन भाषेचा अभ्यास सोडू नकोस. तुझी व्याख्याने इंग्रजीत होतात हे खरे, परंतु तेवढ्यावर राहिलास तर दोन वर्षे त्या देशाच्या ओसरीवर बसून परत येशील. शुक्रवारी तुम्ही आपल्याकडची मुले एकत्र जमून पिठले-भात करता, हे उत्तम. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो आणि रविवारी दुकाने बंद असतात, तेव्हा आपल्या भाषेची ऊब हवीच. पण आठवड्यातील दुसरी एखादी संध्याकाळ अशा माणसांत घालव की ज्यांच्यापुढे तुझे बोलणे अडखळेल. आणि तुझ्या शिक्षणाच्या कर्जासाठी तारण लावलेल्या जमिनीचा घोर मनास लावून घेऊ नकोस. त्या दस्तऐवजावर मी पूर्ण विचाराने सही केली आहे.

आता येथील हकीकत. भाताच्या खाचरांत यंदाही धनगरांची मेंढरे बसविली आहेत. लहानपणी तू त्यांच्या कुत्र्यांना भिऊन माझ्या खांद्यावर चढत असस. इतकी वर्षे ही माणसे दिवाळीनंतर देशावरून उतरतात, आपल्या शेतात लेंडीखत देतात, पावसाच्या तोंडावर परत चढतात, आणि आम्ही त्यांना धान्य मोजून दिले की आमचा संबंध संपतो, असे चालत आले. तुझ्याच विद्यापीठातील गुंथर सोन्थायमर या विद्वानाने मात्र या लोकांबरोबर वाट तुडविली, त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, आणि बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवर 1976 साली जर्मन भाषेत ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाची विचारपूस करावयास हायडेलबर्गहून कोणास तरी यावे लागले, याची मला खंत वाटते, आणि त्याच वेळी त्या परक्या माणसाविषयी कृतज्ञताही. त्यांचा तो ग्रंथ तेथील दक्षिण आशिया संस्थेच्या ग्रंथालयात तुला खचित मिळेल.

परवा रात्री मी कंदील घेऊन धनगरांच्या वाड्यावर गेलो आणि त्यांच्यातील वृद्ध गृहस्थांपाशी बसलो. फलटणकडून निघून नीरेच्या काठाकाठाने भोर, तेथून वरंध घाट उतरून महाड, आणि मग इकडे, अशी त्यांची वाट आहे. तिच्यावरील एकोणीस मुक्काम त्यांनी बोटांवर मोजीत सांगितले, आणि कोणत्या मुक्कामी कोणत्या देवास नारळ फोडतात तेही सांगितले. ती यादी सोबत जोडली आहे. ग्रंथातील वर्णनाशी ती पडताळून पाहा, आणि जेथे फरक आढळेल तेथे खूण करून कळव. ते अमावास्येपर्यंत येथे आहेत, त्यामुळे तुझे उत्तर तोवर आल्यास मला त्यांना पुन्हा विचारता येईल.

तुझा
मामा