बर्फावरची धावपट्टी

पृथ्वीच्या दोन टोकांना दोन ध्रुव आहेत. दोन्हीकडे बर्फच बर्फ; पण दोन्हींत एक मोठा फरक आहे. दक्षिण ध्रुवाभोवती बर्फाखाली जमीन आहे. उत्तर ध्रुवाभोवती बर्फाखाली समुद्र आहे. तेथे पायांखाली असते ते गोठलेल्या समुद्राचे कवच. वारा आणि पाण्याचे प्रवाह या कवचाला सतत ढकलत असतात. ते फाटते, त्याचे तुकडे एकमेकांवर आदळतात, त्यांचे उंचवटे तयार होतात आणि मधल्या फटींत काळे पाणी दिसू लागते. काल जेथे सपाट बर्फ होता, तेथे आज पाणी असू शकते. अशा ठिकाणी विमान उतरवणे अवघड, आणि उतरलेले विमान पुन्हा उडवणे त्याहून अवघड. हे अवघड काम ज्यांनी करून दाखवले, ते याल्मार रीसेर-लार्सन हे नॉर्वेच्या आरमारातील वैमानिक होते.

रीसेर-लार्सन यांचा जन्म ७ जून १८९० रोजी नॉर्वेत झाला. नॉर्वे हा उत्तरेकडचा थंड देश. त्याचा किनारा लांबच लांब आहे आणि तेथील माणसांचे समुद्राशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे. १९०९ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते आरमाराच्या विद्यालयात दाखल झाले आणि पुढे अधिकारी बनले. त्या वेळी विमान ही अगदी नवी वस्तू होती. १९१५ मध्ये नॉर्वेच्या आरमाराने आपले हवाई दल उभे केले, तेव्हा रीसेर-लार्सन त्यात गेले. नुसते उडवणे शिकून ते थांबले नाहीत. काही काळ त्यांनी आरमाराच्या विमान कारखान्याचे काम पाहिले. विमान कसे बनते, किती वजन उचलते, किती अंतर धावल्यावर हवेत चढते, हे सारे त्यांनी कारखान्यात आणि आकाशात, दोन्हीकडे शिकून घेतले. हे ज्ञान पुढे सहा माणसांचे प्राण वाचवणार होते.

नॉर्वेचेच रोआल्ड अमुंडसेन हे त्या काळचे जगप्रसिद्ध ध्रुवसंशोधक. १९११ साली दक्षिण ध्रुवावर पोहोचणारे पहिले पथक त्यांचेच. आता त्यांना विमानाने उत्तर ध्रुवाकडे जायचे होते. अमेरिकेच्या लिंकन एल्सवर्थ यांच्याकडून पैशांची मदत मिळाली आणि दोन विमाने घेण्यात आली : एन-२४ आणि एन-२५. या विमानांचे पोट बोटीसारखे होते. ती पाण्यावर उतरत आणि बर्फावरून घसरतही जात. प्रत्येकाला दोन इंजिने होती, एक पुढे तोंड केलेले आणि दुसरे मागे. एन-२५ चे वैमानिक होते रीसेर-लार्सन. त्यांच्यासोबत अमुंडसेन आणि कार्ल फॉइख्त हे यंत्रज्ञ होते. एन-२४ मध्ये वैमानिक लाइफ डीट्रिक्सन, यंत्रज्ञ ओस्कार ओम्डाल आणि एल्सवर्थ होते.

२१ मे १९२५ रोजी स्पिट्सबर्गेन बेटावरील किंग्स बे येथून दोन्ही विमाने निघाली. सुमारे आठ तास ती उत्तरेकडे उडत राहिली. खाली जिकडेतिकडे फुटलेला, उंचसखल बर्फ. जवळचे निम्मे इंधन संपत आले आणि त्याच वेळी एन-२५ चे मागचे इंजिन अडखळू लागले. खाली पाण्याची एक अरुंद पट्टी दिसली. दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग होते. रीसेर-लार्सन यांनी त्या चिंचोळ्या जागेत विमान उतरवले. उत्तर ध्रुव तेथून सुमारे २५० किलोमीटरवर होता.

एन-२४ सुद्धा उतरले, पण काही अंतरावर, आणि उतरल्यावर ते निकामी झाले. दोन्ही तुकड्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता. दुर्बिणीतून शोध घेतल्यावर दुसरे विमान दिसले. मग निशाणे हलवून खुणांनी बोलणे सुरू झाले. काही दिवसांनी एन-२४ चे तिघे बर्फ ओलांडून निघाले. वाटेत पातळ बर्फ फुटला आणि डीट्रिक्सन व ओम्डाल गोठणाऱ्या पाण्यात पडले. एल्सवर्थ यांनी त्यांना बाहेर ओढले. अखेर सहाही जण एकत्र आले.

आता माणसे सहा होती आणि चालू विमान एकच. बर्फाचे तुकडे दोन्ही बाजूंनी सरकत येत होते. विमान त्यांच्यात सापडले असते, तर सुपारी अडकित्त्यात सापडावी तसे फुटले असते. म्हणून पहिले काम विमानाला ओढून सुरक्षित बर्फावर घेण्याचे होते. दुसरे काम उड्डाणासाठी जागा करण्याचे.

विमान उडण्याआधी धावते, हे तुम्ही पाहिले असेल. ते वेगाने धावू लागले की पंखांवरून वाहणारी हवा त्याला वर उचलते. पुरेसा वेग आला नाही, तर विमान उठत नाही. वजन जितके जास्त, तितके अधिक धावावे लागते. तीन माणसांसाठी तयार केलेल्या विमानातून आता सहा जणांना न्यायचे होते. त्यासाठी लांब आणि सपाट पट्टी हवी होती. ती तयार करण्याची हत्यारे कोणती? लाकडी फावडी, कुऱ्हाड, चाकू आणि बर्फात रोवण्याचा एक नांगर! खाणेही बेताचेच होते. शिधा कमी करत करत माणशी दिवसाला अर्ध्या किलोपेक्षाही कमी करण्यात आला. उपाशीपोटी अंगमेहनत करणे म्हणजे काय, हे ज्याने रोजा ठेवून भर उन्हात काम केले असेल, त्याला थोडेफार कळेल. फरक एवढाच, की या माणसांच्या दिवसाच्या शेवटी पोटभर जेवणाची वेळ येत नव्हती. आणि त्या ऋतूत तेथे सूर्यही मावळत नव्हता.

एक पट्टी तयार झाली. विमान धावू लागले आणि खालचा बर्फ खचला. दुसरी तयार झाली. तिच्यावर तडा गेला. असे चार-पाच वेळा झाले. प्रत्येक वेळी विमान वाचवायचे, ओढून न्यायचे, पुन्हा नवी जागा शोधायची. मला वाटते, या हकिकतीतला सर्वांत कठीण भाग हाच. संकट एकदाच येते तेव्हा माणूस हिंमत बांधतो. पण केलेले काम डोळ्यांदेखत पाण्यात गेल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा फावडे उचलणे, ही गोष्ट वेगळी.

जूनच्या पहिल्या आठवड्यात धुक्यातून शोध घेताना एक मोठा, जाड बर्फाचा तुकडा सापडला. तो बराच सपाट होता. तेथवर विमान नेण्यासाठी वाटेतल्या भेगा बर्फाने भरून पूल बांधावे लागले. पण या तुकड्यावर ओल्या बर्फाचा जाड थर होता. तो उपसत बसले असते, तर शक्ती आणि शिधा दोन्ही संपले असते. तेव्हा लक्षात आले, की हा भुसभुशीत बर्फ काढण्याची गरजच नाही. तो पायांनी तुडवून घट्ट केला आणि थंडीत गोठू दिला, तर तोच कठीण होईल. मग सहाही माणसे बर्फ तुडवू लागली. मागेपुढे, मागेपुढे, दिवसामागून दिवस. ७ जूनला रीसेर-लार्सन यांना पस्तीस वर्षे पूर्ण झाली. तो वाढदिवसही याच कामात गेला. अखेर सुमारे ५०० मीटर लांब आणि १२ मीटर रुंद पट्टी तयार झाली. या साऱ्या दिवसांत त्यांनी शेकडो टन बर्फ हलवला होता.

शिधा संपत आला होता. १५ जून हा दिवस ठरला. त्या दिवशी उडता आले नाही, तर पुढचा मार्ग वेगळा निवडावा लागणार होता : ग्रीनलंडकडे पायी चालत सुटायचे, किंवा तेथेच थांबून राहायचे. दोन्हींत जगण्याची आशा फारच थोडी.

रीसेर-लार्सन यांनी वजनाचा हिशेब मांडला. बंदुका, कॅमेरे, होडी, जड कपडे, जे जे टाकता येईल ते बर्फावर टाकले. ठेवले ते फक्त सुमारे आठ तासांचे इंधन आणि थोडे अन्न. पट्टी रात्रीतून गोठून कडक झाली होती. समोरून मंद वारा होता आणि उड्डाणाला तो उपयोगीच पडतो. सहा जण दाटीने बसले. इंजिने गरजली. विमान खडखडत, हादरत धावू लागले. पट्टीचे टोक जवळ आले. खडखडाट थांबला. विमान हवेत होते!

आठ तासांहून अधिक वेळ ते दक्षिणेकडे उडत राहिले. शेवटी तोल सांभाळणारे पंखांवरचे भाग अडकले आणि खवळलेल्या समुद्रावर उतरावे लागले. टाकीत इंधन थोडेच उरले होते. त्यांनी किनारा गाठला, तोच एक सील पकडणारे जहाज दिसले. जहाजावरच्या लोकांचे त्यांच्याकडे लक्ष गेले नाही. तेव्हा रीसेर-लार्सन यांनी पुन्हा इंजिने सुरू केली आणि पाण्यावरून विमान चालवत जहाजाला गाठले! सहाही जण जिवंत परतले. ध्रुव मात्र हुकला होता.

पुढच्याच वर्षी ती संधी आली. ‘नॉर्गे’ या मोठ्या हवाई जहाजातून १२ मे १९२६ रोजी ते ध्रुवावरून गेले. हवाई जहाज इटलीच्या उंबेर्तो नोबिले यांनी बनवले होते आणि चालवतही तेच होते; मोहिमेचे नेते अमुंडसेन, तर दिशा आणि ठिकाण मोजण्याचे काम रीसेर-लार्सन यांचे. तीनच दिवस आधी अमेरिकेच्या आरमारातील वैमानिक रिचर्ड बर्ड यांनी आपण विमानाने ध्रुवावर जाऊन आलो असे जाहीर केले होते. त्यांच्या दाव्यावर पुढे अनेक अभ्यासकांनी शंका घेतली. ‘नॉर्गे’च्या प्रवासावर तशी शंका कोणी घेत नाही.

बर्फावरच्या त्या सोबत्यांपैकी तिघांना मात्र दीर्घ आयुष्य लाभले नाही. ओम्डाल डिसेंबर १९२७ मध्ये अटलांटिकवर विमानासह नाहीसे झाले. १९२८ मध्ये नोबिले यांचे दुसरे हवाई जहाज ‘इटालिया’ बर्फावर कोसळले. त्यांना शोधण्यासाठी अमुंडसेन निघाले. सोबत डीट्रिक्सन होते. १८ जूननंतर ते विमान कोणालाही दिसले नाही. रीसेर-लार्सनही त्याच काळात नोबिले यांच्या शोधासाठी बर्फावरून उडत होते. नोबिले वाचले; त्यांना वाचवायला निघालेले अमुंडसेन गेले. सहांपैकी तिघे तीन वर्षांत संपले.

यानंतर रीसेर-लार्सन दक्षिणेकडे वळले. १९२९-३० मध्ये ‘नॉर्वेजिया’ या जहाजावरून ते अंटार्क्टिकाला गेले. जहाजावरच्या छोट्या विमानांतून त्यांनी पूर्वी कोणीही न पाहिलेला किनारा पाहिला आणि त्याचे नकाशे तयार होऊ लागले. नॉर्वेच्या राणीच्या नावावरून या प्रदेशाला ‘क्वीन मॉड लँड’ म्हणतात. १९३३ मध्ये कुत्र्यांच्या गाड्या घेऊन ते पुन्हा तेथे उतरले, तेव्हा मुक्कामाखालचा बर्फच तुटला. बहुतेक कुत्री आणि सामान समुद्रात गेले. ते आणि त्यांचे दोन सोबती कसेबसे वाचले.

एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला. रीसेर-लार्सन पुन्हा सैनिक झाले. कॅनडातील टोरोंटो येथे नॉर्वेच्या तरुणांना वैमानिक बनवणारी छावणी उभी राहिली, तिचे ते प्रमुख होते. युद्धानंतर ते प्रवासी विमान कंपनीत गेले. १९५४ मध्ये उत्तरेच्या बर्फाळ प्रदेशावरून युरोप आणि अमेरिका यांना जोडणारी विमानसेवा सुरू झाली, त्या कामात त्यांचा वाटा होता. प्रवासी आता त्या बर्फावरून गरम चहा पीत जाऊ लागले! ३ जून १९६५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी पाहिलेल्या त्या दक्षिणेकडच्या प्रदेशाशी आपलाही संबंध आला. ६ डिसेंबर १९८१ रोजी भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली. तिचे नेते होते डॉ. सय्यद झहूर कासीम. अलाहाबादचे कासीम अलीगढला शिकले होते आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांनी भूषवले होते. मोहिमेसाठी भाड्याने घेतलेले ‘पोलर सर्कल’ हे जहाजही नॉर्वेचेच. ९ जानेवारी १९८२ रोजी आपले संशोधक बर्फावर उतरले, ते याच क्वीन मॉड लँडच्या किनाऱ्यावर. तेथे भारताने ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले केंद्र बांधले. ते समुद्रावर पसरलेल्या बर्फाच्या थरावर होते आणि काही वर्षांतच बर्फाखाली दबले. म्हणून दुसरे केंद्र ‘मैत्री’ हे १९८९ मध्ये उघड्या खडकावर उभे करण्यात आले.

शब्दार्थ
आरमार : समुद्रावर लढणारी सेना
शिधा : प्रवासासाठी बरोबर घेतलेले अन्नधान्य
भुसभुशीत : सैल, घट्ट नसलेला
चिंचोळी : अरुंद
अडकित्ता : सुपारी कातरण्याचे साधन
निकामी : काम न करणारे

स्वाध्याय
१. उत्तर ध्रुवाजवळचा बर्फ आणि दक्षिण ध्रुवाजवळचा बर्फ यांत कोणता फरक आहे?
२. पहिल्या धावपट्ट्या का उपयोगी पडल्या नाहीत? शेवटची पट्टी कशी तयार केली?
३. उड्डाणापूर्वी विमानातील सामान बर्फावर का टाकावे लागले?
४. ‘डोळ्यांदेखत’, ‘हिंमत बांधणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुम्ही १५ जूनला त्या विमानात बसला होता अशी कल्पना करून दहा ओळी लिहा.