सर्व्हर नांदेडला, आपण लातूरला : मॉनिटर नसलेल्या सर्व्हरवर दुरून काम



स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेडला आहे आणि त्याचा उपपरिसर लातूरला. दोन गावांत मिळून चालणारं काम आपल्याला नवीन नाही. समजा, तुमच्या संस्थेचा सर्व्हर नांदेडच्या एका खोलीत आहे आणि तुम्ही लातूरला बसलात. सर्व्हरला मॉनिटर, की-बोर्ड, माउस काहीच नाही. अशा यंत्राला 'हेडलेस' म्हणतात. त्यावर युनिक्सच्या घराण्यातली उबंटू ही प्रणाली आहे. तिचा डेस्कटॉप लातूरला कसा दिसेल?

नांदेड सोडण्याआधी
तात्पुरता मॉनिटर जोडून ओपन-एसएसएच इन्स्टॉल करा. बायोसमध्ये 'वीज परत आली की यंत्र सुरू' ही सेटिंग ठेवा. आपल्याकडे वीज जातेच, आणि बंद पडलेलं यंत्र लातूरहून चालू करता येत नाही! राउटरवर बाहेरून फक्त २२ हा पोर्ट सर्व्हरकडे वळवा.

लातूरहून
१. एसएसएचच्या किल्ल्यांची जोडी बनवा. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर, खाजगी किल्ली आपल्याजवळ. किल्लीने लॉगिन होतंय याची खात्री झाल्यावरच पासवर्डचं लॉगिन बंद करा.

२. सर्व्हरवर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप आणि टायगर-व्हीएनसी टाका. व्हीएनसीचा पोर्ट म्हणजे ५९०० अधिक डिस्प्ले क्रमांक. डिस्प्ले १ असेल तर ५९०१. व्हीएनसी सुरू करताना 'लोकलहोस्ट' पर्याय द्या, म्हणजे बाहेरचा कुणी थेट जोडू शकणार नाही.

३. आता एसएसएचचा बोगदा. जोडताना कॅपिटल 'एल' पर्याय वापरून आपल्या यंत्राचा ५९०१ पोर्ट सर्व्हरच्या ५९०१ ला जोडा. व्हीएनसी व्ह्यूअरमध्ये पत्ता द्या लोकलहोस्ट, पोर्ट ५९०१. झालं, डेस्कटॉप समोर!

बोगदा कशाला? ५९०१ सरळ उघडला तर?
तसं करू नका. व्हीएनसीच्या साध्या पासवर्डची पहिली आठच अक्षरं धरली जातात, आणि जुन्या पद्धतीत पडद्यावरचं चित्रही उघडंच जातं. एसएसएचचा जन्मच अशा अनुभवातून झाला. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, म्हणून तिथल्या टाटू इलोनेन यांनी ते लिहिलं. बोगद्यातून जाणारं सगळं कूटबद्ध असतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक
फायरवॉल आधी चालू केली आणि २२ ला परवानगी द्यायची राहिली, तर नवीन लॉगिन होणार नाही. आपणच दार लावलं आणि आपणच बाहेर! मग चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठावं लागेल. म्हणून आधी परवानगी, मग फायरवॉल. कुठलाही बदल करताना एक खिडकी जोडलेलीच ठेवा, दुसऱ्या खिडकीतून नवीन लॉगिन करून बघा. ते जमलं की मगच पहिली बंद करा.

सराव
१. डिस्प्ले ३ साठी पोर्ट कोणता?
२. 'लोकलहोस्ट' पर्याय दिला नाही तर काय धोका?
३. घरातल्याच दोन संगणकांवर हा प्रयोग करा आणि प्रत्येक पायरी वहीत लिहा. वहीतली ती यादीच पुढे तुमची नांदेडची फेरी वाचवेल.