शिकवणाऱ्या सिस्टरचा वेळ फुकट का?



शीर शोधून सलाईन लावणे पुस्तकातून शिकता येत नाही. खाटेजवळ कोणीतरी अनुभवी माणूस सोबत लागतो. मी हे एका सिनियर सिस्टरांकडून शिकले. वॉर्डाचे काम सांभाळून त्या शिकवत. त्याचा वेगळा पैसा त्यांना कधी मिळाला नाही.

अमेरिकेत अशा शिक्षकाला ‘प्रिसेप्टर’ म्हणतात. अनेक प्रिसेप्टर आपल्याच दवाखान्यात, विनामोबदला शिकवतात. विद्यार्थी सोबत असला की रुग्ण तपासायला वेळ जास्त लागतो. म्हणून पुष्कळ जण नकार देतात. आणि प्रिसेप्टर मिळाला नाही तर विद्यार्थ्याचे शिक्षण अडते.

जॉर्जिया राज्याने 2014 साली यावर उपाय काढला. विद्यार्थ्याला 160 तास शिकवा आणि करपात्र उत्पन्नातून 1000 डॉलर वजा करा. ऐकायला रक्कम मोठी. पण हे 1000 डॉलर हातात येत नाहीत. तेवढ्या उत्पन्नावरचा कर फक्त वाचतो. तेव्हा तिथे राज्याचा कर जास्तीत जास्त 6 टक्के होता. म्हणजे 160 तासांचे फार तर 60 डॉलर! तेही फक्त डॉक्टरांना.

2019 पासून नियम बदलला. आता सूट थेट भरायच्या करातून मिळू लागली. डॉक्टरांना पहिल्या 3 वेळा प्रत्येकी 500 डॉलर आणि चौथ्यापासून दहाव्या वेळेपर्यंत प्रत्येकी 1000. वर्षाला कमाल 8500. नर्स प्रॅक्टिशनरनाही हक्क मिळाला, पण 375 आणि 750 डॉलरच्या दराने, कमाल 6375. तास तेवढेच, मोल मात्र कमी.

हवाई राज्याने 2018 च्या कायद्यात हा भेद केला नाही. 80 तासांना 1000 डॉलर, वर्षाला कमाल 5000. डॉक्टर असो, नर्स प्रॅक्टिशनर असो की फार्मासिस्ट, दर एकच.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. कोणतीही करसवलत जाहीर झाली की आधी विचारा : सूट उत्पन्नातून की करातून? दुसरे, सारख्या कामाला सारखे मोल आहे का?

आणि मुलीला नर्सिंगला घालताना फी विचारता, तसे हेही विचारा : वॉर्डात तिच्याजवळ उभे राहून शिकवणार कोण?