अर्धे राहिलेले दान

निवृत्तीनंतर मी माझा जुना लॅपटॉप एका गरजू कुटुंबाला दिला आणि निर्धास्त झालो. महिन्याभराने कळले, घरी इंटरनेटच नाही. मुलगी वाचनालयाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून गृहपाठ करते. डॉक्टर असून मी नुसती चिठ्ठी दिली, औषध दिलेच नाही!

अमेरिकेत इंटरनेटच्या बिलात महिना ३० डॉलरपर्यंत सूट देणारी सरकारी योजना २०२४ साली निधीअभावी बंद पडली. ‘लाइफलाइन’ मात्र चालू आहे. मेडिकेड किंवा फूड स्टॅम्प मिळणाऱ्या घराला तिच्यातून इंटरनेटसाठी महिना ९.२५ डॉलरपर्यंत सवलत मिळते.

तेव्हा लॅपटॉप देताना आपली माहिती पुसा, चार्जर द्या आणि शेजारी बसून तो अर्जही भरून द्या. उरलेले बिल वर्षभर उचललेत, तर दान पूर्ण झाले.