खाऱ्या पाण्याची टाकी आणि बिळातली कोळंबी



शोभेच्या माशांचा धंदा करावा का, असं किनाऱ्यालगतच्या गटांतून बरेचदा विचारलं जातं. गोड्या पाण्याची टाकी त्यामानाने सोपी. खाऱ्या पाण्यात घाई केली, तर जीवही जातो आणि पैसाही. म्हणून आज एकच टाकी नीट समजून घेऊ: बिळात राहणाऱ्या पिस्तूल कोळंबीची.

हिचा एक नांगा मोठा असतो. तो मिटला की ‘टक्’ असा मोठा आवाज येतो. हिला नीट दिसत नाही. म्हणून गोबी मासा हिच्यासोबत राहतो. ही बीळ खणते, तो दारात पहारा देतो. हिची मिशी त्याच्या अंगाला लागलेली असते. धोका दिसला की तो शेपूट हलवतो आणि दोघं आत!

टाकी मांडताना

1. टाकी 3 फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि तेवढीच उंच घ्या. भरल्यावर वजन सव्वाशे किलोच्या वर जातं, तेव्हा स्टँड मजबूत हवा. गोबी उडी मारतो, म्हणून झाकण लागतंच.

2. आधी दगड, मग वाळू. दगड थेट तळाच्या काचेवर टेकवा. वाळूवर ठेवले, तर कोळंबी खालून खणते आणि दगड तिच्याच अंगावर पडतो.

3. वाळूचा थर 3 ते 4 इंच. त्यात शिंपल्यांचे तुकडे आणि बारीक खडे मिसळा. नुसत्या बारीक वाळूचं बीळ ढासळतं.

4. एक लिटर पाण्याला साधारण 35 ग्रॅम मत्स्यालयाचं मीठ, म्हणजे 100 लिटरला साडेतीन किलो. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. पाणी प्लास्टिकच्या ड्रममध्ये कालवा. तांब्या-पितळेचा हंडा अजिबात नको, तांबं कोळंबीला विष आहे. खाडीचं पाणीही वापरू नका, पावसाळ्यात त्यातला खारेपणा एकदम उतरतो.

5. आता धीर धरा. फिल्टर लावून टाकी 4 ते 6 आठवडे जिवाविना चालवा. रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाका. घाण पचवणारे जिवाणू या काळात वाढतात. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की मगच कोळंबी आणा.

रोजची काळजी

पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून कमी झालेलं पाणी गोड्या, क्लोरीन नसलेल्या पाण्याने भरा. तापमान 25 ते 27 अंश ठेवा. लाईट गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी हवा. टाकीत रिकामं कवच दिसलं तर घाबरू नका, कोळंबी कात टाकते. त्या दिवसांत तिला बिळात शांत राहू द्या.

पैशाचं बोलू

दुकानदार गोड बोलून सगळं एकदम गळ्यात मारतो. पण पहिले दीड महिने विकायला काहीच नसतं आणि हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून गटाचं कर्ज काढण्याआधी एकाच टाकीने सुरुवात करा. सजावटीसाठी जिवंत प्रवाळ घेऊ नका, आणूही नका. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली दगडी प्रवाळाला संरक्षण आहे, तो गुन्हा ठरतो.

पुढच्या बैठकीत यावर बोला

- आपल्याकडून विकत घेणारा कोण? त्याच्याशी बोलणं झालंय का?
- रोज टाकी बघणार कोण? ती आजारी पडली तर कोण?
- लाईट किती वेळ जाते?

तिन्हींची उत्तरं वहीत लिहा, मगच ठराव करा.